ओवीखाली नाव कुणाचं?

आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या सभागृहात येत्या मार्चमध्ये गाण्यांची एक संध्याकाळ ठरली आहे. अट एकच. शब्द बाईचे आणि गळाही त्याच बाईचा. सिनेमातली गाणी नाहीत, भावगीतं नाहीत, शाहिरांनी लिहिलेल्या लावण्याही नाहीत. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायका स्वतः जुळवलेल्या ओव्या, हळदीची गाणी, पाळणे म्हणणार आहेत. वाचनालयाच्या महिला समितीचं काम माझ्याकडं असल्यानं जमवाजमव मी करते आहे.

या बेताला पहिला विरोध घरातूनच झाला. माझ्या थोरल्या नणंदबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी लहानपणी आईसमोर बसून जात्याचा खुंटा ओढला आहे. त्यांच्या आईच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, कितीतरी ओव्या त्यांना आजही तोंडपाठ आहेत. त्यांनी त्या कार्यक्रमात म्हणाव्यात अशी माझी फार इच्छा होती. त्यांनी साफ नकार दिला, आणि मग दुपारची कामं आवरता आवरता आमचा वाद सुरू झाला. तो त्यांना विचारूनच इथं मांडते आहे.

वन्सं : वहिनी, मला आधी एवढं सांगा, ओवी ऐकायला कधी कुणी बसायचं का? कोंबडा आरवायच्या आधी उठायचं, चिमणी लावायची, जात्याभोवती झाडून घ्यायचं आणि बसायचं. समोर भिंत. बाकी घर झोपलेलं. आई म्हणायची ती जात्याला म्हणायची. जात्याला देव मानून, त्याला हात जोडून तिची पहिली ओवी व्हायची. तुम्ही अशा बाईला दिव्यांच्या झोतात उभी करणार. समोर खुर्च्या, पहिल्या रांगेत पुढारी. तिथं तिला काय सुचणार?

मी : उभी नाही करणार, बसूनच म्हणायचं आहे. पण तुमचा मुद्दा बसण्या-उठण्याचा नाही, हे कळतंय मला.

वन्सं : नाहीच. ओवीची लय दगडाची लय असते. मूठभर जोंधळा जात्याच्या तोंडात घातला की दगड जड होतो, ओढ लागते, तेव्हा सूर लांबतो. दाणे भरडत आले की जातं हलकं पडतं, मोकळं फिरतं, तेव्हा शब्द भराभर येतात. बाजरीचं वेगळं, नाचणीचं वेगळं. आम्ही दोघी समोरासमोर बसायचो, खुंट्यावर दोघींचे हात. आई एक ओळ म्हणायची, मी तिच्या मागून तीच ओळ धरायची, तोवर तिला पुढची सुचायची. माझ्या म्हणण्यानं तिला सवड मिळायची. आता तुमचा ढोलकीवाला तिला अशी सवड देणार आहे का? तो ठेका धरणार आणि तिला त्यात बसवणार.

मी : ढोलकी नाही, पेटी नाही. एवढं आत्ताच कबूल. पण वन्सं, तुम्ही जे सांगितलंत ना, त्यासाठीच हा कार्यक्रम करावासा वाटतो. लोकांना वाटतं, ओवी ही आजीकडून नातीकडं आलेली ठेवणीतली गोष्ट, बाई ती नुसती पुन्हा म्हणते. तुम्ही सांगताय की आई त्या घडीला रचत होत्या. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मध्ये त्यांचं डोकं चालू होतं. म्हणजे त्या कवयित्री होत्या, चाल लावणाऱ्याही त्याच आणि गाणाऱ्याही त्याच. हे कुणी कधी त्यांना म्हटलं का?

वन्सं : म्हणायची गरज नव्हती. आणि सगळंच काही तिचं नव्हतं. अर्धं तिच्या आईचं. कुठं भावाचं नाव बदललं, कुठं गावाचं नाव घातलं, झाली नवी ओवी. शेजारची जनाकाकू तीच ओवी स्वतःच्या भावावर म्हणायची. मग कुणाची म्हणाल ती? हा वेल एकच, त्याची कुठली फांदी कुणाची ते तुम्ही कुठं मोजत बसता?

मी : गावातल्या बायका मोजत नव्हत्या का? खरं सांगा. अमकी ओवी अमकीनं आणली, हे ठाऊक नसायचं?

वन्सं : असायचं. लग्नाला जमलेल्या बायकांत एखादी म्हणायची, ही माझी आहे, मला म्हणू दे. आणि बाकीच्या गप्प बसायच्या. ते खरं आहे.

मी : मग नाव नसणं हा ओवीचा स्वभाव नाही. नाव गळालं ते नंतर, ओवी वहीत उतरली तेव्हा. जुने संग्रह काढून बघा. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये केवढ्या मायेनं ओव्या गोळा केल्या. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या पुस्तकांतून केवढं धन राखून ठेवलं. त्या कामाचं ऋण फिटणारं नाही. पण अशा संग्रहांत ओव्यांची मांडणी विषयवार असते. माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरी. ओवी सापडते, बाई सापडत नाही. याउलट मुळशीच्या डोंगरातून सुरू झालेलं जात्यावरच्या ओव्यांचं काम बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ १९८०च्या दशकात गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांबरोबर काम करत होते. त्यांनी आणि त्यांच्या गावोगावच्या सहकाऱ्यांनी मिळून हजारावर गावांतून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांचं ध्वनिमुद्रण आणि नोंदणीची व्यवस्था लावली. पॉइतवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. आता तो सगळा ठेवा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात खुला होतो आहे, आणि तिथं ओवीबरोबर बाईचं नाव असतं, गावाचं असतं, तालुक्याचं असतं. मला तेवढंच करायचं आहे. आपल्या गावापुरतं.

वन्सं : मग झालं की. ज्यांना ऐकायचं त्यांनी तिथं ऐकावं. मंच कशाला?

मी : कारण तिथं ऐकणारा दूर असतो. इथं त्या बाईची सून खुर्चीवर बसलेली असेल. नात असेल. जिला आजवर वाटत होतं की आजी नुसती पुटपुटते.

वन्सं : आणि एक गोष्ट लक्षात असू द्या. निवेदनात ते जुनं सोन्यासारखं होतं, गिरणीनं सगळं नासवलं, असलं काही बोलू नका. आमच्या गावात गिरणी आली तेव्हा आईनं पहिलं पीठ आणलं आणि देवापुढं ठेवलं. तिच्या तळहाताला घट्टे होते. पाठ भरून यायची. बाळंतपणानंतर सव्वा महिना झाला की पुन्हा जात्यावर. तिला विचारलं असतं, ओवी ठेवू की गिरणी, तर तिनं गिरणी म्हटलं असतं. ओवी गेली याचं दुःख तुम्हाला आहे, तिला नव्हतं.

मी : हे तुमच्या शब्दांत निवेदनात घेऊ का?

वन्सं : घ्या. माझं नाव नको.

(इथं मी काही बोलले नाही. नाव हवं की नको हा प्रश्न पुढं फार अवघड होऊन आमच्यासमोर येणार होता.)

वन्सं : आता तुमच्या त्या अटीचं बोलू. शब्दही बाईचे हवेत म्हणता. म्हणजे यमुनाबाई वाईकर आज असत्या, तर तुमच्या मंचावर त्यांना जागा नव्हती?

मी : अवघड प्रश्न विचारलात. पण ही अट मी का घातली ते ऐका. आपल्याकडं बाईला गाण्यासाठी मंच मिळाला तो तमाशाच्या फडावर आणि लावणीच्या बैठकीत. तिथं गळा बाईचा आणि लेखणी पुरुषाची. राम जोशी, होनाजी, प्रभाकर, पुढं पठ्ठे बापूराव. शेवटच्या ओळीत शाहीर आपलं नाव घालतो आणि बाई ते नाव रात्रीमागून रात्री स्वतःच्या तोंडानं गाते. बापूरावांचा फड पवळेनं गाजवला, पण रचनेत नाव बापूरावांचं. दुसरीकडं घरात, शेतात, जात्यावर शब्दही बाईचे आणि गळाही बाईचा, पण तिथं मंच नाही आणि नावही नाही. ओवीत ती भावाचं नाव घालते, लेकाचं घालते, गावाचं घालते, विठ्ठलाचं घालते. स्वतःचं तेवढं राहून जातं. म्हणजे मराठीत स्वतः रचून स्वतः गाणारी बाई पूर्वीपासून आहे, आणि तिला मंचापासून दूर ठेवण्याची रीतही तितकीच जुनी आहे. एक संध्याकाळ ती बाई आणि मंच एकत्र यावेत, एवढीच माझी धडपड.

वन्सं : मला हे पटत नाही. शब्द कुणी लिहिले म्हणून गाणं त्याचं होत नाही. यमुनाबाई बसून लावणी करायच्या. एकच ओळ, आणि दर वेळी चेहरा वेगळा, हाताची ठेवण वेगळी, त्या ओळीचा अर्थच वेगळा. रुसवा, विनवणी, टोमणा. शाहिरानं एक ओळ दिली, त्यातून दहा गोष्टी बाईनं काढल्या. ती रचना नव्हे? विठाबाई नारायणगावकरांचं तेच. सरकारनं यमुनाबाईंना २०१२ साली पद्मश्री दिली, आणि तुम्ही वाचनालयात म्हणणार, बाई, तुमचे शब्द तुमचे नाहीत. लेखणीला एवढं मोठं करू नका, वहिनी. आमच्या आईला सही येत नव्हती.

मी : लेखणीला मोठं नाही करत. पण त्या एका संध्याकाळी अट राहू दे. लावणीला निदान रंगमंच आहे, महोत्सव आहेत, पुरस्कार आहेत. ओवीवालीला काय आहे?

वन्सं : लावणीवालीला काय काय सोसावं लागलं, तेही बोला मग.

मी : बोलायलाच हवं.

(या मुद्द्यावर आमचं एकमत झालेलं नाही. अट मी ठेवली आहे, आणि वन्संचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही.)

मी : तुम्ही म्हणता नावाची गरज नव्हती. बहिणाबाईंचं घ्या. १८८० साली असोद्यात जन्म, लिहिणं-वाचणं नाही, शेतात आणि जात्यावर गाणी सुचायची. सोपानदेव, म्हणजे त्यांचा मुलगा, स्वतः कवी होता म्हणून आणि घरातल्यांनी उतरून घेतली म्हणून काही गाणी उरली. १९५१च्या डिसेंबरात त्या गेल्या. वही अत्र्यांच्या हाती पडली, त्यांनी ती उचलून धरली आणि १९५२ साली पुस्तक आलं. त्या पुस्तकावरचं स्वतःचं नाव बहिणाबाईंनी पाहिलं नाही. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. मला काळजी वाटते ती त्यांच्या शेजारणीची. जिचा मुलगा कवी नव्हता.

वन्सं : शेजारणीनं मागितलं होतं का पण?

मी : मागितलं नाही म्हणून देणं लागत नाही, असं कसं? जनाबाईनं आपलं नाव स्वतःच घातलं. नामदेवांच्या घरची दासी, दळणकांडण करणारी, आणि अभंगाच्या शेवटी न चुकता जनी. गोपाळपुरात तिचं जातं म्हणून दाखवतात तिथं बायका अजून हात लावून येतात. तिच्याही आधीची महदंबा. गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्याच्या निमित्तानं तिनं धवळे रचून गायले, म्हणून तिला मराठीतली आद्य कवयित्री मानतात. म्हणजे तेराव्या शतकातल्या बाईचं नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण महानुभावांनी ते जपलं, आणि आपल्या वाडीवरच्या बाईचं नाव ठाऊक नाही. यात ओवीचा दोष नाही, जपणाऱ्यांचा आहे.

वन्सं : संतांची गोष्ट वेगळी.

मी : मग साध्या बाईची सांगते, दूरदेशीची. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात एलिझाबेथ कॉटन नावाची कृष्णवर्णीय बाई. लहान वयातच तिनं ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणं रचलं. गिटार डावऱ्या हातानं, उलटी धरून वाजवायची. पुढं आयुष्य लोकांच्या घरची धुणीभांडी, स्वयंपाक करण्यात गेलं. ज्या सीगर कुटुंबात ती कामाला होती ते गाण्यातलं घर होतं, म्हणून तिचं गाणं बाहेर आलं. ते इंग्लंडात पोचलं, तिथं १९५०च्या दशकात गाजलं, आणि त्यावर नावं लागली भलत्याच माणसांची. तिला तिचं श्रेय परत मिळवावं लागलं. नव्वदीच्या घरात तिला ग्रॅमी मिळाला. लोकगीत कुणाचंच नसतं असं आपण म्हणतो तेव्हा ते कुणीतरी उचलायला मोकळं होतं, आणि उचलणारा बहुतेक वेळा रचणाऱ्या बाईपेक्षा सबळ असतो.

वन्सं : हे मात्र खरं आहे. डीजेवर हळदीची गाणी वाजतात आता. त्यात कितीतरी ओळी आमच्या बायकांच्या ऐकलेल्या. खाली नाव कुण्या पोराचं.

मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. सोललेले वाल पातेल्यात टाकत राहिल्या. आणि मग जे बोलल्या त्यानं माझा सगळा बेत हलला.

वन्सं : आईच्या ओव्या मी का म्हणणार नाही ते सांगते. तुम्हाला वाटतं मी लाजते. तसं नाही. आई ओवीत कुणाला बोलायची ठाऊक आहे? माझ्या आजीला. स्वतःच्या सासूला. आजी पलीकडच्या खणात निजलेली असायची, जागी असायची, सगळं ऐकायची. पहिल्या लेकराच्या वेळी आईला माहेरी धाडलं नाही, ते लेकरू राहिलं नाही, ते सगळं आईनं ओवीत घातलं होतं. दिवसा ती आजीसमोर तोंड उघडायची नाही. पदर खाली यायचा नाही. पण पहाटे जात्यावर ती म्हणायची आणि आजी ऐकायची, आणि जात्यावर म्हटलेल्याला उलट बोलायचं नाही ही रीत होती. एका छपराखाली एका माणसाला ऐकू जावं म्हणून म्हटलेलं होतं ते, वहिनी. तुम्ही ते माइकवर चारशे माणसांना ऐकवणार, वर नाव लावणार, गाव लावणार. आजीचे भाऊबंद अजून गावात आहेत. आईनं आजीला शेवटच्या आजारपणात हातावर घेतलं, न्हाऊ घातलं. ते ओवीत नाही. तुमच्या लोकांना ओवीतलंच कळणार.

मी : वन्सं, हे मला ठाऊक नव्हतं.

वन्सं : कसं असणार? तुम्ही आलात तेव्हा आई जात्यावर बसायची थांबली होती. म्हणून म्हणते, ओवीला नाव नव्हतं ते नुसतं जपणाऱ्यांच्या हयगयीनं नाही. नाव नव्हतं म्हणून बाईला बोलता येत होतं. जनाकाकूची ओवी आईनं म्हटली तर आजीला म्हणता आलं नसतं, तू हे माझ्यावर म्हणालीस. आई म्हणाली असती, ओवी जनाकाकूची आहे. ही आडोशाची जागा होती. तुम्ही आडोसा काढून घेताय.

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि पुरतं उत्तर आजही नाही. नावाचा हक्क आणि नाव झाकण्याचा हक्क, दोन्ही त्याच बाईचे आहेत, एवढं मला त्या दिवशी दिसलं. ताराबाई भवाळकरांसारख्या अभ्यासकांनी लोकगीतांतला बाईचा स्वतःचा सूर आयुष्यभर आपल्याला ऐकवला. तो आपण सभेत, पुस्तकात ऐकतो आणि धन्य होतो. तो ज्या घरातून निघाला त्या घरात अजून माणसं राहतात, हा विचार मी केला नव्हता.

मी : मग असं करू. कोणती ओवी म्हणायची ते गाणारीच ठरवील. मी यादी मागणार नाही. सासुरवासाची म्हणा, जुनी म्हणा, अशी फर्माईश कुणी करणार नाही. नाव सांगायचं की नाही, नुसतं गाव सांगायचं, नुसतं अमकीची लेक म्हणायचं, तेही तिच्यावर.

वन्सं : आणि मोबाइल? समोरचे सगळे हात वर करून बसतील. घरी पोचायच्या आत बाई गावभर फिरेल. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला डीजेचा ठेका जोडेल.

मी : कायदा आहे त्याला. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे स्वतःचे हक्क आले. आज ते पन्नास वर्षं टिकतात. तिच्या परवानगीवाचून तिचं गाणं ध्वनिमुद्रित करून विकता येत नाही. २०१२च्या दुरुस्तीनं तर गाणारी म्हणून आपलं नाव लावून घ्यायचा हक्कही दिला. सही येत नसली तरी हा हक्क आहे.

वन्सं : कायदा मुंबई-दिल्लीत. मोबाइल हातात.

मी : म्हणून दारातच सांगायचं, चित्रण करायचं नाही. वाचनालय एकच ध्वनिमुद्रण करील, जी हो म्हणेल तिचंच. त्याची प्रत तिला मिळेल, आणि ती पुढं नको म्हणाली तर पुसायचं.

वन्सं : लिहून द्या तसं. तोंडी नको.

(लिहून दिलं आहे. समितीच्या ठरावात ते आलं आहे.)

यापुढचा भाग आम्ही वादानं बोललो नाही. तिथं आम्ही दोघी एका बाजूच्या होतो, आणि दोघींना सारखाच राग होता.

वन्सं : पैसे किती देताय त्यांना?

मी : ठरतंय. समितीतल्या काहींचं म्हणणं शाल-श्रीफळ द्यावं, साडी द्यावी.

वन्सं : ऑर्केस्ट्रावाला आला तर त्याला शाल-श्रीफळावर पाठवाल? कीर्तनकाराला पाकीट, वक्त्याला पाकीट, मांडववाल्याला बिल. बाईला नारळ. तिची त्या दिवशीची मजुरी बुडणार. एसटीचं तिकीट जाणार. सोबत लेक नाही तर नात येणार, तिचंही तिकीट. आणि वर कुणा पाहुण्याच्या हातून साडी घेताना फोटो काढून घ्यायचा. त्या फोटोत नाव पाहुण्याचं छापून येतं. मी नोकरीत असताना असले सत्कार पुष्कळ पाहिले. सत्कारमूर्ती म्हणून कोपऱ्यात दोन तास बसवलेली बाई, आणि बोलणारे सगळे बाप्ये.

मी : पाकीट देणार. सगळ्यांना सारखं, आणि गाण्याच्या आधी. प्रवासखर्च वेगळा. पाहुणे व्यासपीठावर नाहीत, भाषणं नाहीत.

वन्सं : वारल्यांच्या लग्नात धवलेरी असते, ऐकलंय ना? ती गाते तेव्हा लग्न लागतं. भटजी नाही, तीच. तिला कुणी शाल देऊन पाठवत नाही, तिच्याशिवाय लग्नच होत नाही. मान म्हणतात तो असा.

मी : आगरी लग्नांतही धवलारीण आहे. तिकडून कुणी येईल का विचारलं आहे. अजून उत्तर नाही.

वन्सं : आणि गोडगोडच ओव्या घेऊ नका. माहेर, भाऊबीज, पंढरीची वाट. तेवढंच ऐकून लोक घरी गेले तर त्यांना वाटेल, बायका सुखात होत्या.

मी : पण आपण ठरवलं ना, सासुरवासाच्या मागायच्या नाहीत.

वन्सं : मागायच्या नाहीत. पण जागा तर ठेवाल? बायकांनी बाबासाहेबांवर ओव्या रचल्यात. बीडकडच्या, माजलगावच्या बायकांच्या त्या तुमच्या पारीत आहेत ना? आपल्या तालुक्यातही तशा ओव्या म्हणणाऱ्या आहेत. त्यांना बोलावलंत का?

मी : दोघींना भेटून आले. एकीनं हो म्हटलं आहे.

वन्सं : मग तिला शेवटी ठेवू नका. लोक उठून जातात शेवटी.

मी : पहिली तिची ठेवते.

वन्सं : ठेवा. ती पहिली आली की बाकीच्यांनाही कळेल की इथं काहीही म्हणता येतं.

एवढं सगळं झालं तरी वन्संचं मत बदललेलं नाही. ओवी मंचावर आली की ती वेगळीच वस्तू होते, तिला ओवी म्हणू नये, असं त्या आजही म्हणतात. माझं मत असं की जातं गेल्यावर ओवीला कुठंतरी बसायला जागा हवी, आणि ती जागा बाईच्या अटींवर मिळत असेल तर मिळू द्यावी. कार्यक्रमाला त्या येणार आहेत. प्रेक्षकांत बसणार आहेत. सासूबाईंच्या ओव्या त्या म्हणणार नाहीत आणि मी पुन्हा विचारणार नाही.

वाचकांना एक विनंती आहे, आमच्या दोघींची. तुमच्या घरात, शेजारात, कामाला येणाऱ्यांत, शेतावर, कुणी बाई गाणं जुळवत असेल. सत्तरी-ऐंशीच्या पुढच्या बायकांत अजून आहेत. तिच्याजवळ बसा. तिचं नाव विचारा, माहेर विचारा, ओवी कुणाकडून आली आणि तिनं त्यात काय बदललं ते विचारा. ती हो म्हणाली तर वहीत लिहून घ्या, तारीख घाला, आणि ओवीखाली तिचं नाव घाला, तुमचं नको. वन्संनी पुढचं वाक्य मुद्दाम घालायला सांगितलं आहे. ती नको म्हणाली, तर वही मिटा आणि नुसतं ऐका.